समभाग, श्रमाचा मोबदला आणि करआकारणीचा क्षण : अमळनेरच्या भागधारकापासून कर्मचारी समभाग विकल्पापर्यंत (१९४५ ते २०२४)

सारांश :

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड या कंपनीचे रूपांतर पुढे 'विप्रो' या जागतिक उद्योगात झाले. या कंपनीचा समभाग दोन वाटांनी लोकांच्या हाती आला. एक वाट पैसे देऊन खरेदी करणाऱ्या भागधारकाची, तर दुसरी सेवेचा मोबदला म्हणून समभाग मिळविणाऱ्या कर्मचाऱ्याची. कर कायद्याने या दोघांना भिन्न न्याय लावला. प्रस्तुत शोधनिबंधात कर्मचारी समभाग विकल्पावरील कराचा इतिहास अमळनेरच्या पार्श्वभूमीवर तपासला आहे. या करासंबंधीचा वाद कराच्या दरापेक्षा 'उत्पन्न नेमके केव्हा झाले' या प्रश्नाभोवती फिरत राहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अमळनेर, विप्रो, समभाग विकल्प, परिलब्धी, भांडवली नफा, बोनस समभाग.

प्रस्तावना :

आधुनिक भारताच्या आर्थिक इतिहासात खानदेशाचा उल्लेख प्रामुख्याने कापूस, केळी आणि सूतगिरण्यांच्या संदर्भात होतो. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पश्चिम व पूर्व असे दोन जिल्हे झाले. तेच आजच्या धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांचे पूर्वरूप होय. या प्रदेशाच्या इतिहासात कर हा विषय बहुधा जमीन महसुलाच्या अंगाने अभ्यासला गेला. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील काही कुटुंबांची संपत्ती जमिनीपेक्षा कागदावर, म्हणजे समभागाच्या प्रमाणपत्रांवर, अधिक वाढली. जमिनीचा महसूल ठरविताना पीक डोळ्यांना दिसत असे. कागदावरील संपत्तीचे पीक केव्हा आले हे ठरविणे मात्र शासनाला सोपे गेले नाही.

कर्मचारी समभाग विकल्प योजना, म्हणजे प्रचलित भाषेत 'ईसॉप', ही याच प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू आहे. अशा योजनेत कंपनी कर्मचाऱ्याला ठरावीक किमतीस भविष्यात समभाग घेण्याचा हक्क देते. बाजारभाव वाढला तर कर्मचाऱ्याचा लाभ होतो. हा लाभ वेतन आहे की भांडवली नफा, आणि त्यावर कर कोणत्या दिवशी लागावा, या दोन प्रश्नांची उत्तरे भारतीय कायद्याने १९९५ ते २००९ या अवघ्या चौदा वर्षांत अनेकदा बदलली.

उद्दिष्टे :

१. अमळनेरमधील समभागधारणेचा उगम आणि तिला लागू झालेल्या करांचा आढावा घेणे.
२. कर्मचारी समभाग विकल्पावरील करआकारणीतील स्थित्यंतरे कालक्रमाने मांडणे.
३. भागधारक व कर्मचारी यांच्या करभारातील फरकाची मीमांसा करणे.

प्रस्तुत विवेचन वित्त कायदे, न्यायनिर्णय व कंपनीविषयी प्रकाशित माहिती या साधनांवर आधारलेले आहे.

१. अमळनेर : तेलबियांची बाजारपेठ आणि समभाग

बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील व्यापारी ठिकाण. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने येथे कापड गिरणी उभी राहिली. तत्त्वज्ञान मंदिरासारखी संस्था येथे नांदली आणि साने गुरुजींनी येथील शाळेत अध्यापन केले. १९४५ हे वर्ष या गावाच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षणीय ठरते. त्या वर्षी प्रताप महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी महंमद हशम प्रेमजी यांच्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली.

परिसरात भुईमूग, तीळ, सरकी अशा तेलबियांची आवक होती आणि माल नेण्यास रेल्वे होती. 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप आणि '७८७' हा कपडे धुण्याचा साबण ही या कारखान्याची सुरुवातीची परिचित उत्पादने होत. कंपनीच्या समभागांची सार्वजनिक विक्री १९४६ मध्ये झाली. कारखाना गावातच असल्याने गावातील व्यापारी आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी कालांतराने हे समभाग घेतले. ज्या धंद्याचे धुराडे रोज डोळ्यांसमोर दिसते त्यात पैसा गुंतविणे हे दूरच्या मुंबई शेअर बाजारापेक्षा विश्वासाचे वाटणे स्वाभाविक होते.

१९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले आणि अझीम प्रेमजी यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी कंपनीची सूत्रे हाती घेतली. १९७७ मध्ये कंपनीच्या नावात 'विप्रो' हा शब्द आला. पुढील दशकात संगणक व्यवसायाने तिचे स्वरूप पालटले आणि व्यवसायाचे केंद्र बंगळुरूकडे सरकले. समभाग मात्र अमळनेरच्या अनेक घरांत तसेच राहिले. वृत्तपत्रांनी पुढे या गावाचे वर्णन 'कोट्यधीशांचे गाव' असे केले. या वर्णनात कौतुक असले तरी या संपत्तीचे कायदेशीर स्वरूप त्यात दडून जाते.

२. भागधारक आणि कर : विक्रीपर्यंत थांबणारा कायदा

कंपनीच्या जन्माच्या सुमारासच भारतात भांडवली नफ्यावरील कराचा जन्म झाला, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. १९४७ च्या अंदाजपत्रकात लियाकत अली खान यांनी हा कर आणला आणि तो ३१ मार्च १९४६ नंतरच्या व्यवहारांना लावला. अल्पावधीतच तो मागे घेतला गेला. पुढे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांच्या अहवालानंतर १९५६ च्या वित्त कायद्याने तो पुन्हा आला आणि स्थिरावला. या कराचे मूलतत्त्व साधे आहे : मालमत्तेची किंमत कितीही वाढली तरी ती विकली जाईपर्यंत कर नाही.

या तत्त्वाची खरी कसोटी बोनस समभागांनी घेतली. बोनस समभाग मिळाल्याने भागधारकाकडील कागद वाढतो, पण कंपनीतील त्याचा वाटा तेवढाच राहतो. भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केल्याने भाकरी मोठी होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्ये 'आयस्नर वि. मॅकोम्बर' या खटल्यात याच आशयाचा निर्णय दिला होता. तरीही भारतात १९६४ च्या वित्त कायद्याने बोनस समभाग मिळताच भागधारकावर भांडवली नफ्याचा कर बसविला. तो दोनच वर्षांत, १९६६ मध्ये, रद्द करावा लागला. हाती रोकड न येता कर भरावा लागण्याविरुद्धचा आक्षेप भारतात इतक्या लवकर मान्य झाला होता. ही घटना पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

विप्रोच्या समभागाचा विस्तार किती झाला हे एका गणिताने स्पष्ट होते. १९९७ च्या आरंभी एखाद्या कुटुंबाकडे १० रुपये दर्शनी किमतीचे १० समभाग होते असे मानू. १९९७ मध्ये एकास दोन या प्रमाणात बोनस मिळून ते ३० झाले. १९९९ मध्ये दर्शनी किंमत २ रुपये झाल्याने १५०, २००४ च्या बोनसने ४५०, २००५ च्या बोनसने ९००, २०१० मध्ये १,५००, २०१७ मध्ये ३,०००, २०१९ मध्ये ४,००० आणि डिसेंबर २०२४ मध्ये ८,००० झाले. या संपूर्ण प्रवासात केवळ समभागांची संख्या वाढली म्हणून या कुटुंबाला एक रुपयाही कर द्यावा लागला नाही.

विक्रीच्या वेळचा कायदा मात्र सतत बदलत राहिला. १ ऑक्टोबर २००४ पासून शेअर बाजारात विकलेल्या दीर्घकालीन समभागांवरील नफा करमुक्त झाला. ही सवलत १ एप्रिल २०१८ पासून संपली आणि एक लाख रुपयांवरील नफ्यावर १० टक्के कर आला. २३ जुलै २०२४ पासून हा दर १२.५ टक्के आणि सूट सव्वा लाख रुपये झाली. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेल्या वाढीला संरक्षण देण्यात आले. त्यामुळे वरील उदाहरणातील ८,००० पैकी ३,००० समभागांना त्या दिवसाच्या बाजारभावाचा आधार मिळतो. २०१९ मधील १,००० व २०२४ मधील ४,००० बोनस समभागांची खरेदी किंमत मात्र शून्य धरली जाते. वारसाहक्काने आलेल्या समभागांना मूळ मालकाचीच किंमत व धारणकाळ लागू होतो. संपदा शुल्क १९८५ मध्येच रद्द झाल्याने केवळ वारसाहक्कामुळे कर उद्भवत नाही.

३. १९८४ चा न्यास : सेवकाच्या हाती समभाग

समभाग मिळण्याची दुसरी वाट कंपनीच्या आतून निघाली. विप्रोने १९८४ मध्ये 'विप्रो इक्विटी रिवॉर्ड ट्रस्ट' हा न्यास स्थापन केला. हा न्यास कंपनीचे समभाग धारण करी आणि निवडक अधिकारी व महत्त्वाच्या कर्मचाऱ्यांना नाममात्र किमतीत, ठरावीक सेवाकाळाच्या अटीवर देई. भारतातील या प्रकारच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना करावी लागेल. पुढे १९९९ व २००० मध्ये कंपनीने समभाग विकल्पांच्या योजना आणल्या. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाल्यावर अमेरिकी ठेव पावत्यांवर आधारित विकल्पही दिले जाऊ लागले.

अमळनेरच्या भागधारकाने आपली बचत पणाला लावली होती. कर्मचारी आपली सेवा, आणि बहुधा इतरत्र मिळू शकणारे अधिक वेतन, पणाला लावतो. दोघांच्याही हाती शेवटी तोच समभाग येतो. तथापि कायद्याच्या दृष्टीने पहिला गुंतवणूकदार आणि दुसरा वेतनभोगी ठरतो. विकल्पाच्या आयुष्यात चार क्षण येतात : विकल्प देऊ केल्याचा दिवस, अट पूर्ण होऊन हक्क परिपक्व झाल्याचा दिवस, विकल्प वापरून समभाग घेतल्याचा दिवस आणि समभाग विकल्याचा दिवस. यांपैकी उत्पन्नाचा क्षण कोणता, हा वादाचा गाभा होय.

४. चार क्षण, चार उत्तरे

या प्रश्नावर अन्य देशांतही एकमत नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये 'लोब्यू' खटल्यात विकल्पाचा लाभ हा सेवेचाच मोबदला असल्याचे ठरवून तो विकल्प वापरतेवेळी करपात्र मानला. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६० मध्ये 'ॲबट वि. फिल्बिन' या खटल्यात नेमके उलट मत दिले. त्यानुसार लाभ विकल्प मिळाला त्याच दिवशी झाला, नंतरची वाढ वेतनात मोडत नाही. १९६६ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून ही स्थिती बदलावी लागली.

भारतात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ जुलै १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१० द्वारे बाजारभावापेक्षा कमी किमतीत दिलेल्या समभागांतील फरकाला परिलब्धी, म्हणजे वेतनाव्यतिरिक्त मालकाकडून मिळणारा करपात्र लाभ, ठरविले. कायद्यात स्पष्ट तरतूद आली ती १९९९ मध्ये. आयकर कायदा १९६१ च्या कलम १७(२) मध्ये नवे उपकलम घालून सवलतीच्या समभागांचा लाभ वेतनात धरला गेला. मात्र पुढच्याच वर्षी यशवंत सिन्हा यांच्या २००० च्या वित्त कायद्याने हे उपकलम वगळले. शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असलेल्या योजनांतील लाभावर केवळ विक्रीच्या वेळी भांडवली नफा म्हणून कर लावण्याचे धोरण स्वीकारले गेले. परिणामी १९९९ ची तरतूद अवघ्या एका करनिर्धारण वर्षापुरती, २०००-०१ पुरती, जिवंत राहिली. ते वर्ष होते आर्थिक वर्ष १९९९-२००० चे. त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे भाव शिखरावर गेले आणि पुढील वर्षी कोसळले. शिखरावरील भावाने विकल्प वापरून समभाग धरून ठेवणाऱ्यावर जो कर बसला, तो भाव उतरला म्हणून कमी होण्याची सोय नव्हती. अमेरिकेतही पर्यायी किमान कराच्या नियमामुळे अनेक कर्मचारी अशाच पेचात सापडले आणि तेथील काँग्रेसला २००६ व २००८ मध्ये त्यांना दिलासा द्यावा लागला.

२००७ च्या वित्त कायद्याने तिसरे वळण घेतले. विकल्पाचा लाभ अनुषंगी लाभ कराच्या, म्हणजे 'फ्रिंज बेनिफिट टॅक्स'च्या, कक्षेत आणून कर मालकावर बसविला गेला. तो कर्मचाऱ्याकडून वसूल करण्याची मुभाही दिली गेली. लाभाचे मूल्य हक्क परिपक्व झाल्याच्या दिवसाच्या भावाने ठरे. त्यामुळे विकल्प वापरण्यापूर्वी भाव पडला असला तरी जुन्या चढ्या भावानेच कर मोजला जाई. २००९ मध्ये हा कर रद्द झाला. १ एप्रिल २००९ पासून लाभ पुन्हा परिलब्धी ठरला. विकल्प वापरल्याच्या दिवसाचा बाजारभाव वजा कर्मचाऱ्याने दिलेली रक्कम, हे त्याचे मूल्य झाले आणि त्यावर समभाग वाटपाच्या वर्षी मालकाने करकपात करावी असे ठरले. पुढे समभाग विकताना हाच बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरला जातो, म्हणून त्याच रकमेवर दुहेरी कर लागत नाही.

५. इन्फोसिस खटला आणि 'काल्पनिक लाभ'

या स्थित्यंतरांच्या मधल्या पोकळीवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी २००८ रोजी महत्त्वपूर्ण निर्णय दिला. इन्फोसिस कंपनीने १९९४ च्या योजनेनुसार एका न्यासामार्फत कर्मचाऱ्यांना एक रुपया किमतीची हक्कपत्रे दिली होती. त्यांच्या आधारे एकूण १०० रुपयांत एक समभाग घेता येई, परंतु पाच वर्षे तो विकण्यास बंदी होती. करनिर्धारण वर्षे १९९७-९८ ते १९९९-२००० साठी कंपनीने करकपात केली नाही म्हणून विभागाने तिला कसूरदार ठरविले. न्यायालयाने विभागाची भूमिका फेटाळली. बंदीच्या काळात समभागाचे मूल्य रोखीत उतरविता येत नव्हते, भविष्यातील भाव कोणालाही ठाऊक नव्हता आणि १९९९ चे उपकलम पूर्वलक्ष्यी नव्हते, ही त्यामागील प्रमुख कारणे होत. जो लाभ कायद्याने स्पष्टपणे करपात्र केलेला नाही, त्या काल्पनिक लाभाला उत्पन्न म्हणता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. १९६६ मध्ये बोनस समभागांबाबत संसदेने जे मान्य केले, त्याच जातीचा विचार येथे न्यायालयाने सेवकाच्या बाबतीत केला.

६. एकच समभाग, दोन धारक

या फरकाचा व्यावहारिक अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. अमळनेरच्या एका गुंतवणूकदाराने १०० रुपये दराने १,००० समभाग घेतले. भाव ५०० पर्यंत जाऊन पुढे २०० वर आला आणि वर्षाहून अधिक काळानंतर त्याने ते विकले. त्याचा नफा एक लाख रुपये. अन्य भांडवली नफा नसल्यास सव्वा लाखाच्या सुटीमुळे त्याला कर नाही.

आता त्याच कंपनीतील कर्मचारी घेऊ. त्याला १०० रुपयांत समभाग घेण्याचा विकल्प आहे. भाव ५०० असताना त्याने १,००० समभाग घेतले. परिलब्धी चार लाख रुपये झाली. ३० टक्के दराने, अधिभार व उपकर वगळता, कर १,२०,००० रुपये. म्हणजे एकही समभाग न विकता त्याच्या खिशातून २,२०,००० रुपये गेले. भाव २०० वर आल्यावर त्यानेही वर्षाहून अधिक काळानंतर समभाग विकले. हाती आले दोन लाख. समभाग १०० ला घेऊन २०० ला विकूनही तो २०,००० रुपयांनी तोट्यात गेला. विक्रीत दिसणारा तीन लाखांचा भांडवली तोटा त्याला वेतनातून वजा करता येत नाही. तो आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो, परंतु केवळ दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो.

तथापि यावरून परिलब्धी हे वर्गीकरणच चुकीचे आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मालकाने चार लाख रुपये रोख दिले असते तर त्यावर कर लागलाच असता. ज्या प्राध्यापकाच्या वा कारकुनाच्या वेतनातून दरमहा करकपात होते, त्याच्या दृष्टीने समभागाच्या रूपातील वेतनाला सूट देणे अन्यायाचे ठरेल. दोष क्षणाच्या निवडीत आहे. लाभ वेतन म्हणून मोजला जातो, पण तो हाती येण्यापूर्वी.

हे तत्त्व शासनाने अंशतः स्वीकारले ते २०२० मध्ये. कलम ८०-आयएसी खाली पात्र नवउद्यमांतील, म्हणजे स्टार्ट-अपमधील, कर्मचाऱ्यांचा कर पुढे ढकलला गेला. संबंधित करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिने, समभागाची विक्री किंवा नोकरी सोडणे, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर १४ दिवसांत कर देय होतो. नोंदणीकृत नवउद्यमांपैकी हे विशिष्ट प्रमाणपत्र असणाऱ्यांनाच ही सवलत मिळते. इतर सर्व कर्मचाऱ्यांसाठी २००९ चीच चौकट राहिली.

७. करव्यवस्थापनाचे मार्ग

जळगाव व धुळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या वेतनात समभागांचा वाटा असू शकतो. त्यांच्या दृष्टीने वरील इतिहासातून काही व्यावहारिक सूत्रे हाती येतात. पहिले, सूचिबद्ध कंपनीच्या बाबतीत विकल्प वापरल्यावर करापुरते समभाग लगेच विकणे श्रेयस्कर. त्या वेळी खरेदी किंमत व विक्री किंमत जवळपास सारखी असल्याने नवा नफा फारसा उद्भवत नाही आणि भाव पडण्याचा धोका घटतो. दुसरे, विकल्प एकाच वर्षात न वापरता वर्षांवर विभागल्यास वरच्या करटप्प्याचा भार कमी होऊ शकतो. तिसरे, असूचिबद्ध कंपनीत समभाग विकण्याची सोय नसताना विकल्प वापरणे जोखमीचे. तेथे मूल्य मर्चंट बँकरच्या प्रमाणपत्राने ठरते, ग्राहक मात्र असेलच असे नाही. चौथे, परदेशी कंपनीचे समभाग असल्यास ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागतात आणि दीर्घकालीन ठरण्यासाठी २४ महिने धारण करावे लागतात.

भागधारक व कर्मचारी या दोघांनाही समान असलेले सूत्र कागदपत्रांचे आहे. डीमॅट खात्यात आधी आलेला समभाग आधी विकला गेला असे कायदा मानतो. म्हणून वाटपाचा दिनांक, त्या दिवसाचा भाव, बोनसची नोंद आणि मालकाने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र जपणे अगत्याचे आहे. १ एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी समभागांचे हस्तांतर सामान्यतः बंद झाले. सलग सात वर्षे लाभांशावर हक्क न सांगितल्यास समभागच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. वडिलोपार्जित ट्रंकेतील प्रमाणपत्रे तशीच ठेवणाऱ्या कुटुंबांना यामुळे वारसा सिद्ध करून ते परत मिळविण्याचा खटाटोप करावा लागतो.

निष्कर्ष :

१. अमळनेरच्या भागधारकांची संपत्ती दीर्घकाळ वाढू शकली यात चिकाटीइतकाच कर कायद्याचाही वाटा आहे. विक्रीपर्यंत थांबण्याचे तत्त्व आणि बोनस समभागांवरील कराची १९६६ मधील माघार यांमुळे समभाग केवळ कर भरण्यासाठी विकण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

२. कर्मचारी समभाग विकल्पाबाबत भारताने विकल्प वापरण्याचा, विक्रीचा, हक्क परिपक्व होण्याचा आणि पुन्हा विकल्प वापरण्याचा असे वेगवेगळे क्षण एका दशकात निवडून पाहिले. या अस्थिरतेचा भार धोरणकर्त्यांपेक्षा त्या त्या वर्षी विकल्प वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर पडला.

३. विकल्पाचा लाभ वेतन मानणे न्याय्य आहे. परंतु तो रोखीत उतरण्यापूर्वी कर मागणे हे कर देण्याच्या ऐपतीच्या तत्त्वाशी विसंगत आहे. वेतनाचा हिस्सा विकल्पदिनाच्या भावाने मोजावा, वसुली विक्रीच्या वेळी करावी आणि विक्रीची किंमत त्याहून कमी आल्यास ती ग्राह्य धरावी, हा या इतिहासातून सुचणारा मार्ग होय. २०२० ची सवलत केवळ वसुली पुढे ढकलते, मूल्य बदलत नाही. त्यामुळे भाव कोसळल्यास पेच कायमच राहतो.

४. आयकर कायदा २०२५ ने १९६१ च्या कायद्याची जागा घेतली आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा प्रारंभदिन ठरला. कलमांचे क्रमांक बदलले तरी मूळ प्रश्न तोच आहे. दुष्काळात पीक न येताही सारा भरावा लागण्याचा अनुभव खानदेशातील शेतकऱ्याला नवा नाही. समभागाच्या रूपाने वेतन घेणाऱ्या त्याच्या नातवासमोर तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे : पीक घरात आले असे कोणत्या दिवशी म्हणावयाचे?